दाखल्याची वाट : चांद्याच्या मुलखातील अपंगत्वाच्या मोजमापाचा इतिहास

भद्रावती हे नागपूर-चंद्रपूर रस्त्यावरील जुने गाव. रेल्वेच्या फलकावर त्याचे नाव अजूनही भांदक असेच आहे. गावाच्या एका अंगाला वीस-पंचवीस किलोमीटरवर चंद्रपूर, तर दुसऱ्या अंगाला जवळजवळ तेवढ्याच अंतरावर वरोरा. चंद्रपुरात सरकारी रुग्णालय आहे. आपल्या देहाला किती टक्के उणेपण आले आहे हे लिहून घेण्यासाठी या भागातील अपंग माणसे तिकडे जातात. वरोऱ्याला आनंदवन आहे. ज्यांच्या देहाचे उणेपण पाहून गावाने दार लावले, त्यांनी उरलेल्या बळावर उभारलेली ती वसाहत. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांस हा मुलूख ठाऊक आहे तो चांदा धर्मप्रांत म्हणून. १९६२ साली केरळातील सिरो-मलबार ख्रिस्तसभेकडे ही सेवाभूमी सोपविण्यात आली आणि १९७७ साली बल्लारपूर हे पीठ असलेला धर्मप्रांत स्थापन झाला. आज मात्र या मुलखाच्या एका वेगळ्या इतिहासाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

गेली दोन-तीन वर्षे या भागातील अपंगांच्या घरांत एकच विषय ऐकू येतो. अनुदान वाढणार म्हणतात. बंद होणार असेही म्हणतात. कार्ड पुन्हा काढावे लागेल, तपासणी नव्याने होईल, बँकेतील खाते आधारला जोडले नसेल तर पैसे येणार नाहीत, अशा वार्ता गावोगावी फिरतात. त्यांतील खरे किती आणि खोटे किती, हे सांगणारा माणूस गावात क्वचितच सापडतो. एका तालुक्याच्या कचेरीच्या ओट्यावर आम्ही काही वेळ बसलो होतो. शेजारी एक आई आपल्या मोठ्या झालेल्या मुलाचा हात धरून बसली होती. मुलगा बोलत नव्हता. तिच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत कागदांची चळत होती. आम्ही कचेरीतील कोणी असावे असे वाटून तिने विचारले, "नवा कागद येईपर्यंत जुना चालते का जी?" आम्हांस उत्तर देता आले नाही. पुढील मजकूर लिहिण्यास तो प्रश्न कारण झाला. तो प्रश्न काही आजचा नाही, त्याला शंभर वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे.

राज्यसंस्थेने अपंगांची दखल प्रथम घेतली ती त्यांना मोजण्यासाठी. १८७२ पासून १९३१ पर्यंत इंग्रजांनी केलेल्या प्रत्येक जनगणनेत वेडे, मुके-बहिरे, आंधळे आणि महारोगी अशी वर्गवारी असे. मोजणीमागून कायदा आला. १८९८ च्या महारोगी कायद्याने निराधार रोग्यास पकडून आश्रमात कोंडण्याचा अधिकार सरकारला दिला. जेथे तो कायदा लागू केला जाई, तेथे रोग्याला विकण्यासाठी खाद्यपदार्थ करण्याची मनाई होई आणि सार्वजनिक विहिरीवर वा तळ्यावर स्नान करण्याचीही. म्हणजे त्या काळी सरकारी कागदावर नाव चढणे हे माणसाच्या दृष्टीने संकट होते. कागदाला भिण्याची जी वृत्ती आपल्या खेड्यांत आजही दिसते, तिला नुसते अज्ञान म्हणून मोकळे होता येणार नाही. हा कायदा संसदेने रद्द केला तो २०१६ साली. स्वातंत्र्य मिळून तेव्हा ६९ वर्षे उलटली होती.

टक्केवारी आली ती दुसऱ्या वाटेने, कारखान्यांच्या आणि खाणींच्या वाटेने. भद्रावती, माजरी, बल्लारपूर हा सारा पट्टा कोळशाचा. १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. कोणता अवयव गमावला म्हणजे माणसाची कमाईची शक्ती शेकडा किती घटली, याचा तक्ता त्याच्या परिशिष्टात होता. पुढील दुरुस्त्यांनंतर त्यात अंगठ्याला ३० टक्के आणि दुसरा डोळा शाबूत असता एका डोळ्याला ४० टक्के असे आकडे आले. आता हा कायदा नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. त्या तक्त्याला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. मालकाच्या मर्जीवर असलेली भरपाई त्याने हक्काची केली. परंतु देह शेकड्यात मोजण्याची सवय एकदा लागली ती कायमची. खाणीत अंगठा तुटला तर निदान तक्ता तरी होता. रोगाने बोटे झडली तर त्या माणसासाठी कोणताही तक्ता नव्हता.

अशा माणसांसाठी विदर्भात जे काम उभे राहिले ते सरकारच्या आधी आणि बहुतांशी सरकारच्या बाहेर. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी १९३६ साली विनोबांच्या प्रेरणेने कुष्ठसेवेला आरंभ केला. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभारले. अमरावती जिल्ह्यातच कोठारा येथे ख्रिस्ती मिशनचे कुष्ठरुग्णालय रुग्णांची शुश्रूषा करीत आले. वरोऱ्याचे मुरलीधर देविदास आमटे व्यवसायाने वकील. पावसात पडलेल्या तुळशीराम नावाच्या एका महारोग्याला पाहून ते प्रथम भिऊन दूर पळाले, आणि त्या भीतीची लाज वाटून परत फिरले, ही कथा महाराष्ट्राला परिचित आहे. १९४९ साली त्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि १९५१ साली आनंदवन सुरू झाले. आरंभीचे भांडवल सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढेच होते असे सांगतात.

आनंदवनाची गोष्ट आपण बहुधा करुणेची कथा म्हणून ऐकतो. इतिहासाच्या दृष्टीने तिच्यात आणखी एक मुद्दा आहे. तेथे आलेल्या माणसाला कोणी टक्के विचारले नाहीत. हात आहेत पण बोटे नाहीत, तर त्या हातांना कोणते काम जमेल एवढाच विचार झाला. शेती, हातमाग, बांधकाम ही कामे रुग्णांनी केली. पुढे अंध, मूकबधिर व अन्य अपंग मुलांच्या शाळा तेथे निघाल्या. दानाने माणूस खचतो आणि कामाने उभा राहतो ही बाबांची धारणा होती. तथापि तिचा अर्थ अनुदान नको असा लावणे चुकीचे होईल. आनंदवनात जमीन होती, औषध होते, निवारा होता आणि सोबत होती. ज्याच्यापाशी यांपैकी काहीच नाही, त्या माजरीच्या किंवा सिरोंच्याच्या अपंगाला महिन्याकाठी मिळणारी रक्कम हा त्याच जमिनीचा आणि सोबतीचा तुटपुंजा पर्याय होय.

ही रक्कम महाराष्ट्रात आली १९८० साली. बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. गावकऱ्यांच्या तोंडी तिचे नाव 'निराधारचा पगार' असेच रुळले आहे. पुढचे १९८१ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी अपंग वर्ष म्हणून पाळले. त्याच वर्षीच्या जनगणनेत अपंगांना पुन्हा मोजण्यात आले. १९४१ पासून तो प्रश्नच गाळण्यात आला होता. १९९१ साली तो पुन्हा गाळला आणि २००१ साली पुन्हा घेतला. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग आढळले; त्यांपैकी सुमारे २९ लाख ६३ हजार महाराष्ट्रातील होते. मोजावे की मोजू नये याबद्दलच राज्यकर्त्यांचे मत असे दर दहा-वीस वर्षांनी पालटत असेल, तर अपंगांच्या मनाला स्थैर्य कोठून लाभणार?

अपंगांच्या हक्कांचा पहिला व्यापक कायदा १९९५ साली संमत झाला आणि ७ फेब्रुवारी १९९६ पासून अमलात आला. त्याने सात प्रकारचे अपंगत्व मान्य केले. त्यांत कुष्ठरोगातून बरे झालेल्यांचा समावेश होता. किमान ४० टक्के अपंगत्व ही अट घातली आणि सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के जागा राखून ठेवल्या. आनंदवनाच्या मुलखात ही वार्ता आनंदाची होती. परंतु कायद्याचे ३३ वे कलम वाचले म्हणजे वेगळेच दिसते. त्या तीन टक्क्यांपैकी एक टक्का अंध व अल्पदृष्टी असलेल्यांना, एक श्रवणदोष असलेल्यांना आणि एक हालचालीचे अपंगत्व व मेंदूचा पक्षाघात असलेल्यांना वाटून दिला होता. कुष्ठमुक्तांचे नाव तेथे नव्हते. व्याख्येत त्यांना प्रवेश मिळाला होता. लाभाच्या कलमात त्यांच्या नावाने जागा नव्हती.

त्यानंतर काय घडले? बाबा आमटे ९ फेब्रुवारी २००८ रोजी निवर्तले. त्याच वर्षी ओरिसातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कुष्ठरोग्यास नगरपालिकेच्या निवडणुकीस अपात्र ठरविणारी तरतूद वैध ठरविली आणि तिचा फेरविचार करण्याचे काम विधिमंडळांवर सोपविले. २०१५ साली विधी आयोगाने कुष्ठरोग्यांविषयीचे भेदभावाचे कायदे रद्द करण्याची शिफारस केली. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस झाले, राखीव जागा चार टक्के झाल्या, आणि ३४ व्या कलमात कुष्ठमुक्तांचे नाव प्रथमच लिहिले गेले. २०१९ साली एका दुरुस्तीने कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण राहिले नाही. आपल्या समाजाला लागू असणारा १८६९ चा भारतीय घटस्फोट कायदाही त्या दुरुस्तीत होता, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. व्याख्येतील शब्दापासून लाभातील शब्दापर्यंत पोहोचायला १९९५ ते २०१६ अशी एकवीस वर्षे लागली. एवढ्या काळात तरुण मुलाची नोकरीची वयोमर्यादा उलटून जाते.

हे सारे जुन्या काळचे झाले असे कोणी म्हणेल, तर त्याने २०१६ च्या कायद्याचे तेच ३४ वे कलम पुन्हा वाचावे. एकवीस प्रकारांत सिकलसेलचा समावेश झाला. चंद्रपूर-गडचिरोलीच्या आदिवासी कुटुंबांत हा रक्तविकार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. त्याच्या निर्मूलनासाठी केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय मोहीमही आरंभिली आणि २०४७ चे उद्दिष्ट ठेवले. परंतु ज्या प्रकारांना नोकरीत चार टक्के जागा आहेत त्यांच्या यादीत सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया ही नावे नाहीत. १९९५ साली कुष्ठमुक्तांची जी गत झाली तीच २०१६ साली सिकलसेलच्या मुलांची झाली. उंबऱ्याच्या आत घेतले, पण पानावर बसविले नाही.

मासिक अनुदानाचीही हीच कहाणी आहे. केंद्राने फेब्रुवारी २००९ मध्ये इंदिरा गांधींच्या नावे अपंग निवृत्तिवेतन सुरू केले. ते दारिद्र्यरेषेखालील आणि ८० टक्के अपंगत्व असणाऱ्यांसाठी होते. आरंभी दरमहा २०० रुपये आणि २०१२ पासून ३०० रुपये असा केंद्राचा वाटा ठरला. म्हणजे कायद्याच्या दारात ४० टक्के पुरतात आणि केंद्राच्या निवृत्तिवेतनाच्या दारात ८० लागतात. राज्याच्या निराधार योजनेतील रक्कम दीर्घकाळ ६०० रुपये होती. ती २०१९ साली १००० आणि २०२३ साली १५०० झाली. २०२५ साली दिव्यांगांच्या मागण्यांसाठी मोठे आंदोलन झाले. अमरावती जिल्ह्यातील गुरुकुंज मोझरी येथे जूनमध्ये बच्चू कडू यांनी उपोषण केले. सहा हजारांची मागणी होती. सप्टेंबरमध्ये मंत्रिमंडळाने दिव्यांगांसाठी २५०० रुपयांचा निर्णय घेतला. ही वाढ स्वागतार्ह आहे आणि तिचे श्रेय रस्त्यावर आलेल्या अपंगांना दिलेच पाहिजे.

मग अस्वस्थता कशाची? वाढीच्या निर्णयाबरोबरच पडताळणीची वार्ता आली. २०२४ साली बनावट प्रमाणपत्रांची चर्चा देशभर झाली. २०२५ मध्ये नोकरीतील दिव्यांग कर्मचाऱ्यांच्या प्रमाणपत्रांची फेरपडताळणी करण्याचे आदेश राज्यात निघाले. खोटा दाखला घेणारा खऱ्या अपंगाच्या ताटातील घास पळवितो. त्याला शोधलेच पाहिजे. परंतु नोकरदारांसाठी निघालेला आदेश खेड्यात पोहोचेपर्यंत 'सगळ्यांचे कार्ड रद्द' असा होतो. त्यात १ जून २०२१ पासून दाखला केवळ संगणकीय नोंदीनेच मिळतो. ओळखपत्रांना पांढरा, पिवळा आणि निळा असे रंग आले: ४० टक्क्यांच्या आत पांढरा, ४० ते ८० पिवळा, त्यापुढे निळा. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, उत्पन्नाचा दाखला लागतो. यांतील प्रत्येक अट एकेकटी पाहिली तर समजण्यासारखी आहे. गडचिरोली जिल्ह्यात सिरोंच्याहून जिल्ह्याचे ठिकाण दोनशे किलोमीटरच्या आसपास दूर पडते. त्या माणसाला सगळ्या अटी मिळून एकच भिंत दिसते.

या भिंतीत एक दगड असा आहे की तो पाहून इतिहासाच्या अभ्यासकाचेही मन विषण्ण व्हावे. १९२३ च्या कायद्याने अंगठ्याची किंमत ठरविली. पुढे अनेक ठिकाणी रेशन व निवृत्तिवेतनासाठी अंगठ्याचा ठसा लागू लागला. कुष्ठरोगाने ज्यांची बोटे झिजली त्यांचा ठसा यंत्रावर उमटत नाही. आधारच्या नियमांत अशा माणसांसाठी अपवादाची सोय केलेली आहे, परंतु तो अपवाद ठाऊक असलेला माणूस यंत्रापाशी बसलेला असेलच असे नाही. ज्या अवयवाच्या अभावासाठी साहाय्य द्यायचे, तोच अवयव साहाय्य घेताना मागायचा, याहून मोठी विसंगती कोणती?

हा प्रश्न केवळ आपल्याच देशाचा आहे असे मात्र नाही. ब्रिटनमध्ये मार्च २०२५ मध्ये सरकारने अपंगांच्या स्वावलंबन भत्त्याच्या अटी कडक करण्याचा प्रस्ताव मांडला. ठरावीक गुण मिळाले नाहीत तर भत्ता थांबेल असा त्याचा आशय होता. सत्ताधारी पक्षाच्याच अनेक खासदारांनी विरोध केला आणि १ जुलै रोजी सरकारने तो भाग मागे घेऊन आधी फेरआढावा घेण्याचे मान्य केले. तेथील भत्ता आणि आपले अडीच हजार यांची तुलना होऊ शकत नाही. पण मधल्या साडेतीन महिन्यांत तेथील अपंगांनी जे भय भोगले ते भद्रावतीच्या भयाहून निराळे नव्हते. प्रस्ताव मागे घेता येतो. त्या काळातील गेलेली झोप परत देता येत नाही. अनिश्चितता ही स्वतःच एक हानी आहे. तिची नोंद कोणत्याही टक्केवारीच्या तक्त्यात होत नाही, एवढेच.

या इतिहासातून आम्ही एकच निष्कर्ष काढतो. मोजमाप बदलत आले आहे आणि पुढेही बदलेल. ज्ञान वाढते, रोगांची नवी माहिती होते, लबाडीचे नवे प्रकार निघतात. म्हणून नियम बदलणे चूक नव्हे. परंतु प्रत्येक बदलाचा भार आजवर अपंगांवरच पडला. कुष्ठमुक्तांनी एकवीस वर्षे वाट पाहिली, सिकलसेलची मुले आजही पाहत आहेत. हा भार आता शासनाने उचलावा. नवा दाखला हाती पडेपर्यंत जुन्या दाखल्यावरील लाभ थांबू नये. नाव कमी करायचे असेल तर आधी लेखी कारण त्या घरी पोहोचावे. चालू न शकणाऱ्याला मंडळापुढे बोलावण्याऐवजी मंडळाने त्याच्या तालुक्यात जावे. यांसाठी फार मोठा खजिना लागत नाही.

आणि आपण? दहा कुष्ठरोग्यांची शुभवर्तमानातील कथा आपण मिस्साबलिदानात अनेकदा ऐकली आहे. प्रभूने त्यांना याजकांकडे जाऊन स्वतःस दाखविण्यास सांगितले, कारण मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे बरा झाल्याचा निर्वाळा याजकाने द्यावयाचा असे. दाखला तेव्हाही होता. पण त्याचा हेतू गावाबाहेरच्या माणसाला पुन्हा घरी, आपल्या माणसांत आणणे हा होता. दाखल्याचा तो मूळ हेतू आहे. प्रत्येक धर्मग्रामात दोन-चार तरुण तरी असे निघावेत की जे संगणकावर अर्ज भरून देतील, मंडळाच्या दिवशी सोबत जातील, यंत्रावर ठसा न उमटल्यास अपवादाचा नियम दाखवितील. ग्रामपंचायतीने व नगरपालिकेने स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करावयाचे असतात. तो खर्च कोठे झाला हे ग्रामसभेत उभे राहून विचारणे हेही सेवेचेच काम आहे.

त्या ओट्यावरील मातेचा प्रश्न आम्ही विसरलेलो नाही. नवा कागद येईपर्यंत जुना चालतो का? चालला पाहिजे, असे उत्तर शंभर वर्षांच्या इतिहासाकडे पाहून आम्ही आज देतो. तिला ते कचेरीच्या खिडकीतून, सही-शिक्क्यासह मिळेल तो दिवस लवकर यावा.